आउलिसच्या गाडीची काच

आमच्या सोसायटीतल्या पुरुषांना एखाद्याची विचारपूस करायची असली, की ते त्याच्या गाडीची करतात. तायस्तोची बायको त्याला सोडून ओउलू शहरात निघून गेली, तेव्हा पार्किंगमध्ये उभं राहून रायमोने त्याला विचारलं, "बॅटरी धरते ना?" तायस्तो म्हणाला, "धरते." झालं सांत्वन. उणे पंचवीसमध्ये दोघं आणखी थोडा वेळ तसेच उभे राहिले आणि आपापल्या घरी गेले. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होते. हसायला हरकत नाही, पण दुसऱ्या दिवशी तायस्तोने दाढी केली होती, एवढं मी सांगते.

त्यामुळे नोव्हेंबरात आउलिस जेव्हा म्हणाला, की माझ्या गाडीची पुढची काच सारखी धुरकट होते, तेव्हा सगळ्या पार्किंगने कान टवकारले. आउलिस तळमजल्यावर राहतो, वय ऐंशीच्या पुढे. जन्मभर त्याने जंगलातून ओंडक्यांचे ट्रक चालवले, आणि एवढ्या वर्षांत त्याने कोणाकडे साधा पाना मागितल्याचं कोणाला आठवत नाही. त्याची बायको हिल्का अर्धांगाचा झटका येऊन आडवी झाली, तेव्हापासून ती कायानी शहरातल्या शुश्रूषागृहात आहे. दर बुधवारी आणि रविवारी आउलिस आपल्या लाल गाडीतून तिला भेटायला जायचा. जायला तास, यायला तास. बस आहे, पण ती शाळेच्या पोरांसाठी. रविवारी ती नसते, आणि बुधवारी तिने गेलात तर परत यायला दुसरा दिवस उजाडतो. टॅक्सीचं नाव काढलं की आउलिस टोपी घालून बाहेर निघून जायचा.

मग शेजाऱ्यांनी न्यावं की, असं तुम्ही म्हणाल. आमच्याकडे माणूस बर्फात गळ्यापर्यंत रुतेल, पण 'जरा हात दे' म्हणणार नाही. आणि बघणाराही आपणहून हात देणार नाही, कारण समोरचा रुतलाय असं आपल्याला वाटलं, हे त्याला कळलं तर त्याला काय वाटेल? गाडीचं तसं नाही. गाडी रुतली तर अर्धं गाव फावडी घेऊन धावतं.

रायमो आमचा चेअरमन. वाहन तपासणीच्या ऑफिसात त्याने सगळी नोकरी केली, आणि निवृत्त झाल्यावर ऑफिस घरी आणलं. त्याच्या मते माणसाचा स्वभाव पुढच्या काचेवरून कळतो. सकाळी घाईघाईत काचेवर पत्राच्या पेटीच्या तोंडाएवढी फट खरवडून, तीतून बघत गाडी हाकणाऱ्यांना तो 'रणगाडेवाले' म्हणतो आणि त्यांच्याशी आठवडाभर बोलत नाही. तो स्वतः टपावरचा बर्फ झाडतो, दिवे पुसतो, नंबरप्लेट पुसतो, मग काच, मग आरसे, आणि एवढं झाल्यावर बऱ्याचदा त्याला कुठे जायचंच नसतं.

तर आउलिसची काच. डिसेंबरात सोसायटीची मीटिंग झाली, सौनाच्या, म्हणजे वाफेच्या न्हाणीघराच्या, बाहेरच्या खोलीत. विषय होते बर्फ काढण्याचं कंत्राट, कपडे वाळवण्याची खोली, आणि इंजिन गरम ठेवायच्या विजेच्या खांबांवरची घड्याळं. ही तीन कामं कॉफीचा पहिला कप संपायच्या आत उरकली. मग दोन तास काच.

"खालचे रबरी पाट बाहेर काढ," रायमो म्हणाला. "बुटांचा बर्फ त्यावर वितळतो, त्याची वाफ होते, ती काचेवर बसते. साधं शास्त्र आहे."

"काढले," आउलिस म्हणाला.

"एसी लाव," तायस्तो म्हणाला.

"हिवाळ्यात एसी?" रायमोने कप खाली ठेवला.

"एसी हवेतलं पाणी ओढून घेतो. गाडीच्या पुस्तकात लिहिलंय."

"पुस्तक लिहिणाऱ्याला इकडे जानेवारीत बोलाव एकदा. मग विचारू त्याला."

"बटाटा चोळ," कोपऱ्यातून कोणीतरी म्हणालं. "अर्धा कापायचा आणि काचेला आतून चोळायचा. माझे वडील तेच करायचे."

"तुझे वडील तळ्यात गाडी घालून बसले होते."

"ते बटाट्यामुळे नव्हे."

मी सोसायटीची सेक्रेटरी. म्हणजे कॉफी करते, वेलचीचे गोड पाव भाजते आणि पुरुष काय बोलले ते लिहून ठेवते. त्या दिवशी मी लिहिलेलं सोसायटीच्या दप्तरात अजून आहे: दाढीचा फेस, व्हिनेगर, मांजराच्या पेटीतली वाळू मोज्यात भरून काचेखाली ठेवणे. गाड्या तितके वैद्य. आउलिस प्रत्येकाचं ऐकून मान डोलवत होता, आणि मला आठवतं, तो खूश दिसत होता. हिल्का शुश्रूषागृहात गेल्यापासून इतक्या लोकांनी त्याच्याकडे एकदम कधी बघितलं नव्हतं.

त्याने सगळं केलं. नाताळापर्यंत त्या गाडीला कोशिंबिरीसारखा वास यायला लागला. काच धुरकट ती धुरकटच.

जानेवारीत मला कायानीला दातांच्या डॉक्टरकडे जायचं होतं. माझी गाडी मी केव्हाच विकून टाकली. रोज सकाळी बर्फ खरवडून खरवडून उजवा खांदा गेला. बुधवार होता. आउलिस तोंडाने काही बोलला नाही, फक्त शेजारच्या सीटवरचं घोंगडं उचलून मागे टाकलं. याला आमच्याकडे आग्रहाचं आमंत्रण म्हणतात.

गावाबाहेर पडलो. दुपारचा जेमतेम उजेड होता. आउलिस स्टीअरिंगवर इतका वाकला होता की त्याची टोपी काचेला टेकत होती. एका हाताने गाडी आणि दुसऱ्या हातात फडकं. पुसायचा, बघायचा, पुन्हा पुसायचा.

"आज फारच धुकं धरलंय," तो म्हणाला.

मी काचेकडे बघितलं. काचेवर काही नव्हतं. रस्त्याकडेच्या झाडांच्या फांद्यांवर बसलेला बर्फ मला दिसत होता, दूरच्या वळणावरचा पिवळा फलक दिसत होता, त्यावरचं अंतरसुद्धा वाचता येत होतं. आणि तो त्या लख्ख काचेवर फडकं फिरवत होता, मन लावून.

दुखणं म्हशीला आणि डाग पखालीला, तेही दोन महिने, अख्ख्या सोसायटीच्या ठरावाने.

मी बोलायला हवं होतं, हे मला तुम्ही सांगायला नको. पण एखाद्याच्या डोळ्यांबद्दल बोलणं म्हणजे दार न वाजवता त्याच्या घरात शिरण्यासारखं. मी आडून विचारलं. "आउलिस, गाडी काही दिवस उभी ठेवलीस तर?"

त्याने पुन्हा एकदा काच पुसली. मग म्हणाला, "गाडी गेली की हिल्का गेली, राइली. म्हणून ही काच बरी व्हायलाच पाहिजे."

मी म्हटलं, "समोरून ट्रक येतोय. केवढा मोठा आहे ना." आउलिसने गाडी उजवीकडे घेतली.

परतल्याबरोबर मी रायमोचं दार वाजवलं.

"रायमो, काच चांगली आहे. आउलिसला दिसत नाहीये."

"दिसणार कसं? काच धुरकट आहे."

"मी आत बसले होते. काच आरशासारखी होती."

"राइली," तो अगदी मऊ आवाजात म्हणाला, "तू पाव फार छान करतेस. पण काच हा वेगळा विषय आहे. बसणाऱ्याच्या बाजूने वेगळी दिसते, चालवणाऱ्याच्या बाजूने वेगळी." आणि त्याने मला ऊन, कोन, आतली हवा आणि बाहेरची हवा हे समजावून सांगितलं. मी दार आपटून आले. आमच्या मजल्यावर दार आपटल्याची गोष्ट महिनाभर चालते.

मग मी एक धंदा सुरू केला. दर बुधवारी आणि रविवारी मला कायानीत काहीतरी काम निघू लागलं. दात, लोकर, पुन्हा दात. गाडीत बसलं की माझी जीभ सुरू. "बघ, डावीकडून सायकलवाली येतेय, या थंडीत सायकल म्हणजे कमालच." "पुढचा थांबलाय, का थांबला असेल बरं?" "वळण आलं, हे वळण मला लहानपणापासून आवडतं." आमच्याकडे गाडीत बोलायची पद्धत नाही. माझा नवरा जिवंत असताना आम्ही न बोलता नॉर्वेपर्यंत जाऊन आलो होतो.

"तू हल्ली फार बोलतेस," आउलिस एकदा म्हणाला.

"वय झालं," मी म्हटलं.

शुश्रूषागृहात मी खालीच बसून राहायचे. वर जाणं बरं दिसलं नसतं. तासाभराने तो खाली यायचा. मी विचारायचे, हिल्का कशी आहे? तो म्हणायचा, "आहे तशीच आहे." मग आम्ही निघायचो.

फेब्रुवारीत रेनडिअर आडवे आले. दोन होते, रस्त्याच्या मधोमध, बर्फ वितळायला टाकलेलं मीठ चाटत. मी त्या वेळी पुढच्या सीटवर थर्मासचं झाकण काढत होते, म्हणून माझं बोलणं जरा थांबलं होतं. मान वर केली तर शिंगं अगदी समोर. मी किंचाळले. आउलिसने ब्रेक दाबला, गाडी गर्रकन फिरली आणि बर्फाच्या ढिगात नाक खुपसून थांबली. रेनडिअर आमच्याकडे बघत बघत निघून गेले. कॉफी माझ्या मांडीवर सांडली होती आणि भाजलंय हे मला घरी गेल्यावर कळलं.

आउलिसने फडकं उचलून काचेवर फिरवलं. मग म्हणाला, "काच."

"हो," मी म्हटलं. "काच."

त्या संध्याकाळी मी रायमोला सांगितलं, की आज आम्ही दोघं मेलो असतो, आणि आता तू काही केलं नाहीस तर मी सोसायटीच्या पाटीवर दोषी म्हणून तुझं नाव लिहून ठेवीन. रायमो गंभीर झाला. त्याने रात्रभर विचार केला आणि सकाळी निर्णय जाहीर केला. काच बदलायची.

यालाच म्हणतात पुरुषाची बुद्धी. पण श्रमदान म्हटलं की आमची माणसं सोन्यासारखी. भंगारवाल्याकडून तशाच गाडीची काच मिळाली, ओरखडासुद्धा नसलेली. रायमोच्या गॅरेजमध्ये हीटर लावले, कारण थंडीत काचेचा डिंक धरत नाही. जुनी काच काढली, कडा घासल्या, नवी बसवली. रायमो डिंकाची रेघ ओढत होता तेव्हा सगळे श्वास रोखून उभे होते. दुसऱ्या दिवशी डिंक वाळल्यावर आउलिसला बोलावलं. मी पाव घेऊन गेले.

आउलिस गाडीत बसला. दार लावून घेतलं. आम्ही सगळे बाजूला भिंतीपाशी उभे होतो, रायमो हातात फडकं घेऊन सर्वांत मागे, दरवाजाजवळ. गाडीच्या बरोबर समोर भिंतीवरच्या खुंटीला रायमोचा निळा डगला टांगलेला होता, वर त्याची लोकरीची टोपी.

आउलिसने काचेतून समोर बघितलं. चेहरा उजळला. त्याने खिडकी खाली केली, हात वर केला आणि त्या डगल्याला म्हणाला, "उपकार झाले, रायमो. या हिवाळ्यात पहिल्यांदा नीट दिसतंय."

डगला काही बोलला नाही.

तायस्तोच्या तोंडात पाव होता. तो चावायचा थांबला. कोणी कोणाकडे बघेना. आउलिसचा हात अजून वरच होता, उत्तराची वाट बघत, आणि मला वाटलं, आता कोणीतरी हसलं किंवा बोललं तर हा माणूस पुन्हा घराबाहेर पडणार नाही.

तेव्हा रायमो हलला. बूट न वाजवता, गाडीच्या मागून वळसा घालून तो गेला आणि आपल्या डगल्याशेजारी जाऊन उभा राहिला. मग तिथून म्हणाला, "उपकार कसले."

आउलिसने हात खाली घेतला.

रायमो पुढे झाला आणि काचेवर वाकला. अंगठ्याने घासून बघितलं. डोकं या बाजूला केलं, त्या बाजूला केलं. या माणसाने नोकरीत सख्ख्या मेव्हण्याची गाडी नापास केली होती, पण चांगल्या गाडीला वाईट कधी म्हटलं नव्हतं. काच त्याने स्वतः बसवलेली, आणि अशी काच आमच्या गावात दुसऱ्या कोणाला बसवता आली नसती.

"धुकं आहे," तो म्हणाला.

"कुठे?" तायस्तोने विचारलं. मी त्याच्या पायावर पाय दिला.

"इथे. इथेही आहे. काच सदोष निघाली. माझी चूक. नीट तपासून आणायला हवी होती." रायमोचा आवाज ऑफिसातला झाला. "असल्या काचेची गाडी मी रस्त्यावर जाऊ देणार नाही."

"मला दिसतंय की," आउलिस हळू म्हणाला.

"तुला दिसत असेल. मला नाही दिसत. तपासनीस मी आहे." मग तो म्हणाला, "बुधवारी मला कायानीत काम असतं. गाडी रिकामीच जाते. रविवारी तायस्तोला असतं."

"मला कसलं..." तायस्तो सुरू झाला आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "हो. असतं. रविवारी."

आउलिस गाडीतून उतरला. त्याने किल्ली रायमोच्या हातात ठेवली आणि पाव न खाताच घरी गेला. काचेबद्दल त्यानंतर कोणी अवाक्षर काढलं नाही. नव्या काचेची ती लाल गाडी खांबाशी उभी होती, आणि रायमो रोज सकाळी तिच्यावरचा बर्फ खरवडायचा. कोणी विचारलं तर म्हणायचा, सवय आहे.

पुढच्या बुधवारी रायमो चालवत होता, आउलिस शेजारी, मी मागे. अर्ध्या रस्त्यात रायमो म्हणाला, "माझ्या गाडीचे पुढचे दिवे पिवळे पडले होते. आतून. बाहेरून कितीही पुसा, उपयोग शून्य."

"हं," आउलिस म्हणाला.

"शेवटी तज्ज्ञाकडे नेले. एका सकाळचं काम. आधी एक केला, मग दुसरा. आता नव्यासारखे."

आउलिस बराच वेळ बाहेर बघत होता, किंवा बघण्यासारखं करत होता. मग त्याने विचारलं, "दुखतं का?"

"नाही. आधी थेंब टाकतात म्हणे."

"आणि कागदपत्रं? गाडीची?"

"काम झालं की पुन्हा तपासणी होते. पास होतात. मी चौकशी केलीय."

मी मागच्या सीटवर खिडकीकडे तोंड करून बसले होते. मला हसू येत होतं आणि रडूही येत होतं, आणि दोन्ही त्या गाडीत चाललं नसतं.

मोतीबिंदूच होता, दोन्ही डोळ्यांत. डॉक्टरीण म्हणाली, इतके दिवस कसं निभावलंत? आउलिस म्हणाला, "शेजारी चांगले आहेत." मार्चच्या शेवटी पहिल्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. पट्टी निघून डोळा स्थिरावल्यावरच्या बुधवारी आम्ही तिघं कायानीला गेलो. वाटेत आउलिस फलक मोठ्याने वाचत होता, एकही न सोडता. रायमो म्हणाला, "मलाही वाचता येतं." पण त्याने गाडी हळू केली.

त्या दिवशी आउलिसने मला वर बोलावलं. म्हणाला, हिल्काला तुझे पाव आवडतात.

ती खिडकीपाशी चाकांच्या खुर्चीत बसली होती. मी तिला शरदात बघितलं होतं, पहिला बर्फ पडायच्या आधी. आता गालांची हाडं वर आली होती, स्वेटरच्या बाहीत हात होता की काठी होती कळत नव्हतं. आउलिस माझ्या पुढे चालत होता. तो नेहमीच्या खुर्चीवर बसला, मान वर केली आणि तसाच राहिला.

"हिल्का," तो म्हणाला. "तू इतकी कधी वाळलीस?"

हिल्काचं तोंड अजून एका बाजूला ओढलेलं आहे. शब्द सावकाश येतात, पण येतात ते स्वच्छ. "नाताळापासून जेवण जात नाही."

"मला बोलली नाहीस."

"तुला दिसतंय असं वाटलं मला." ती थांबली, दम घेतला. "तू यायचास आणि भिंतीकडे बघत बसायचास. बर्फाबद्दल बोलायचास. मला वाटलं, तुला माझ्याकडे बघवत नाही."

"नाही गं. ती काच..." आउलिसने सुरुवात केली आणि थांबला. त्याच्या हातात टोपी होती, ती तो पिळत होता. आमच्या सोसायटीतल्या एखाद्या पुरुषाने गाडीला मध्ये न आणता असं काही बोललेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. "मला दिसतच नव्हतं, हिल्का. कळलं असतं तर मला इथे येऊ दिलं नसतं. म्हणून मी कोणाला सांगितलं नाही."

"मला सांगायचंस."

"हो."

हिल्काने चांगला हात उचलला आणि त्याच्या डोळ्याखाली बोट टेकवलं. "आता दिसते?"

"दिसतेस," आउलिस म्हणाला. त्याला रडू फुटलं होतं आणि ते पुसायला तो मान वळवत नव्हता. सगळा हिवाळा त्याने जिवावर उदार होऊन हिच्यासाठी गाडी हाकली, आणि ती समोर बसून झिजत होती ते त्याला आज कळत होतं. मी वाटेत खायला आणलेली पावांची पिशवी टेबलावर ठेवली. तुकडे करू लागले, बारीक, तिला गिळता येतील असे.

रायमो दारात आला, गाडी गरम झालीय हे सांगायला. त्याने दोघांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि इंजिन बंद करायला खाली गेला.